मदत हवी आहे: दूध तोडल्यावर पिल्लांना हगवण, तोंडावाटे लस कधी द्यावी?

डुकरांची पिल्ले २८ दिवसांची झाली की दूध तोडतो. त्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी पातळ हगवण सुरू होते. प्रयोगशाळेत एफ४ प्रकारचा ई. कोलाय (एफ४ नावाच्या तंतूंनी आतड्याला चिकटणारा जंतू) निघाला, रोटाव्हायरस आणि कॉक्सिडिया नाहीत. विण्याआधी माद्यांना लस दिलेली असते. चीक सगळ्यांना पहिल्या सहा तासांत मिळतो, हे मी स्वतः बघतो (डुकरांत वारेतून अँटीबॉडी पिल्लात जातच नाहीत, त्यामुळे इथे हयगय नाही). दूध पिताना एकही पिल्लू आजारी पडत नाही. म्हणजे दुधातली आयजीए (अँटीबॉडीचा एक प्रकार) आतड्यात जंतू अडवते आणि दूध सुटताच ते कवच जाते, असा माझा अंदाज.

खाद्यातली प्रथिने कमी केली, पाणी आणि ऊब तपासली. थोडा फरक पडला, पण हगवण थांबली नाही. एकाच विणीतली काही पिल्ले मात्र ठणठणीत राहतात. त्यांच्या आतड्यात एफ४ ला चिकटायला जागाच नसावी.

आता तोंडावाटे द्यायची जिवंत लस द्यायची आहे. ती १८ व्या दिवसापासून देता येते आणि संरक्षण यायला साधारण आठवडा लागतो, म्हणजे २१ व्या दिवसापर्यंत द्यायलाच हवी. तेव्हा पिल्ले दुधावरच असतात. दूध तोडणे लांबवता येणार नाही. लसीच्या आगेमागे अँटिबायोटिक देणार नाही, हे ठरलेले आहे.

माद्यांनाही एफ४ ची लस दिलेली असताना त्यांच्या दुधातली आयजीए ही जिवंत लस आतड्यात चिकटण्याआधीच निकामी करते का? कोणी दोन्ही एकत्र वापरून पाहिले आहे का?