व्हर्च्युअलबॉक्समधला सांबा सर्व्हर विंडोजमधून उघडतच नाहीये

नवा_डेबियनवाला:
दोन दिवस झाले डोकं लावतोय. विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर), त्यात डेबियन लिनक्स, त्यात सांबा (नेटवर्कवरून फोल्डर शेअर करणारा प्रोग्रॅम) टाकला, सर्व्हिस चालू दाखवतेय, सांबाची सेटिंग तपासणारी टेस्टपार्म कमांड पण एरर देत नाही, व्हीएममधून इंटरनेट मस्त चालतं, पण विंडोजमधून पिंगच (व्हीएमपर्यंत पोचतंय का ते बघायची चाचणी) जात नाही मग शेअर कुठून दिसणार. व्हीएमचा आयपी १०.०.२.१५ आहे. फायरवॉल बंद करून पाहिली, काही फरक नाही. कुठे चुकतंय?

टर्मिनलप्रेमी:
आयपी बघूनच कळलं. १०.०.२.१५ म्हणजे नेटवर्क नॅटवर आहे, व्हर्च्युअलबॉक्स आपोआप तेच लावतं. नॅटमध्ये व्हीएम बाहेर जाऊ शकते पण बाहेरून आत यायला आपोआप वाट नसते, त्यामुळे सांबात कितीही शोधलं तरी काही सापडणार नाही. व्हीएमच्या सेटिंगमध्ये नेटवर्क अडॅप्टर ब्रिज्ड करा, म्हणजे व्हीएम थेट घरच्या नेटवर्कवर येईल, मग राउटरच आयपी देईल. वायफायवर ब्रिज्ड कधी कधी त्रास देतं, तसं झालं तर दुसरा अडॅप्टर होस्ट-ओन्ली (फक्त विंडोज आणि व्हीएममधलं नेटवर्क) लावा, आयपी बहुतेक १९२.१६८.५६ ने सुरू होणारा मिळेल. फायरवॉल परत चालू करा, फक्त सांबाचा ४४५ पोर्ट उघडा.

नवा_डेबियनवाला:
पिंग गेला!! पण आता पासवर्ड घेत नाहीये, डेबियनमध्ये लॉगिन होतो तोच टाकतोय.

टर्मिनलप्रेमी:
सांबाचे पासवर्ड वेगळे असतात हो. युजर डेबियनमध्ये आहेच, आता एसएमबीपासडब्ल्यूडी -ए आणि पुढे युजरचं नाव, अशी कमांड रूट (लिनक्सचा मुख्य अॅडमिन) म्हणून चालवा. विंडोज जुनं लॉगिन धरून बसलं तर एकदा साइन आउट करून या.

नवा_डेबियनवाला:
उघडलं! फाइल्स दिसतायत, पण नवीन टाकायला गेलो की परवानगी नाही म्हणतंय, सांबाच्या सेटिंगमध्ये रीड ओन्ली तर नो केलंय.

बॅकअप_आधी:
फोल्डर सुडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने बनवलंत ना? एलएस -एलडी कमांड करून बघा, मालक रूट आणि परवानगी ७५५ (लिहायचा हक्क फक्त मालकाला) असेल. सांबाने हो म्हटलं तरी खाली लिनक्सने पण हो म्हणावं लागतं. एक ग्रुप करा, तुमचा युजर त्यात घाला, फोल्डर त्या ग्रुपला द्या, परवानगी २७७० (मालक आणि ग्रुपला सगळे हक्क, बाकीच्यांना काही नाही) ठेवा, म्हणजे नवीन फाइल पण त्याच ग्रुपची होते. ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क, मात्र कृपा करून करू नका.

आणि एक, शेअरचा डेटा सिस्टीमच्या डिस्कवर ठेवू नका. मी ठेवला होता, अपडेट बिघडलं म्हणून आठवड्यापूर्वीच्या स्नॅपशॉटवर (व्हीएमची जतन केलेली जुनी स्थिती) परत गेलो आणि त्या आठवड्यात शेअरवर टाकलेलं सगळं गेलं, कारण स्नॅपशॉट डिस्कच मागे नेतो, त्यात तुमच्या फाइल्स पण आल्या. डेटाला वेगळी व्हर्च्युअल डिस्क जोडा आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये तिचा प्रकार राइटथ्रू करा, मग स्नॅपशॉट तिला हात लावत नाही. बॅकअप अर्थातच वेगळा घ्यायचा.

नवा_डेबियनवाला:
मालक रूटच होता. ग्रुप बदलला, फाइल सेव्ह झाली. दोघांचे मनापासून आभार, वेगळी डिस्क आजच जोडतो.