शंकर नागने नटाच्या कामात दिग्दर्शक खर्ची घातला का?

मांडवीकाठ
गोव्याच्या कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत 'ब' गटाचं एक बक्षीस मिळालं की आपल्याकडची मुलं लेखन, दिग्दर्शन, प्रमुख भूमिका असं एकच नाव तीनदा छापायला मोकळी. हटकलं तर कन्नड नट-दिग्दर्शक शंकर नागचं नाव पुढे करतात. कर्नाटकातल्या होन्नावरकडचा, घरची भाषा कोंकणी, मुंबईच्या मराठी रंगभूमीवर घडलेला, म्हणजे जवळजवळ आपलाच. पण त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. १९७८च्या 'ओंदानोंदु कालदल्ली'पासून ३० सप्टेंबर १९९०च्या अपघातापर्यंत बारा वर्षं. भूमिका ऐंशीच्या वर, दिग्दर्शित चित्रपट दोन हातांच्या बोटांत मावतील एवढे. 'मिंचिन ओट' आणि 'अॅक्सिडेंट' करणाऱ्या माणसाने 'कराटे किंग' म्हणून मारामाऱ्यांत दिवस घालवले. माझ्या मते हा तोटाच.

तिसरी घंटा
तोटा कुणाचा? बंगळूरातला 'संकेत' ध्वनिमुद्रण स्टुडिओ कशातून उभा राहिला असेल? तोवर कन्नड चित्रपटांचं आवाजाचं बरंचसं काम मद्रासला जायचं. रंगभूमीवरून आलेल्या माणसाच्या खिशात एवढे पैसे नसतात. 'ऑटो राजा'त तो रिक्षावाला झाला, म्हणून रिक्षावाल्यांनी त्याचा फोटो रिक्षावर लावला. ते चेहऱ्याचं वजन होतं म्हणून 'अॅक्सिडेंट'मधली, फुटपाथवर झोपलेल्यांना चिरडणाऱ्या श्रीमंत पोराची गोष्ट पडद्यावर आली. राष्ट्रीय पुरस्कार नंतरचा. आधी पैसा घालणारा माणूस लागतो, आणि तो पोस्टरवर कोण आहे हेच बघतो.

कारवारी
दोघेही तालमीचा मुद्दा सोडताय. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. सव्वादोन तासांचा चित्रपट म्हणजे सुमारे १२,१५० फूट. चारास एक या प्रमाणात, म्हणजे चार फूट चित्रित करून एक फूट वापरायचं असं, चित्रण केलं तर ४०० फुटी डबे साधारण १२२ लागतात, आठास एक केलं तर दुप्पट. नाटकवाला वाचन, हालचाली, नजरा सगळं आधी बसवून सेटवर येतो, म्हणून रीटेक कमी. 'गीता', 'अॅक्सिडेंट' यांत तो स्वतः पडद्यावरही होता. तालमीची सवय नसती तर एवढा पसारा आवरला नसता.

मांडवीकाठ
तालीम मान्य. पण फ्रेममध्ये उभा असलेला दिग्दर्शक बघतो कुठून? तेव्हा सेटवर मॉनिटर नसायचा. फोकस सुटला, मागच्या माणसाने कॅमेऱ्याकडे बघितलं, हे रश प्रिंट, म्हणजे धुऊन आलेली कच्ची प्रत, हातात आल्यावरच कळायचं. तोवर सेट मोडलेला. आता मॉनिटर आहे, तर वेगळीच पंचाईत. दिवसाला २० शॉट, प्रत्येकी ३ टेक, दर टेकनंतर ३ मिनिटं परत बघायची: तीन तास तिथेच गेले. समोरच्या नटाचे क्लोजअप आधी घ्यायचे हा शहाणा नियम, पण मग स्वतःचे शेवटी येतात, ऊन उतरतं आणि दोन चेहऱ्यांवरचा प्रकाश जुळत नाही. समोरचा नटही बिथरतो; पात्र आपल्याशी बोलतंय की दिग्दर्शक आपल्याला जोखतोय, हे त्याला उमगत नाही.
शिवाय मिशी! एकाच वेळी चार निर्मात्यांना तारखा दिल्या, एकात मिशी हवी, दुसऱ्यात नको, की चिकटवलेली मिशी क्लोजअपमध्ये पकडली जातेच.

तिसरी घंटा
मिशीवर दिग्दर्शकाची किंमत ठरवायची? कमाल आहे. हालचाली बसवायला बदली माणूस उभा करा, सहदिग्दर्शकाला 'कट' म्हणायचा हक्क द्या, टेक बरा की वाईट हे छायालेखकाने सांगावं. निम्मी भांडणं तिथेच संपतात. हक्क द्यायची तयारी नसेल तर गोष्ट वेगळी, आणि खरा आजार तोच आहे.

फोंडेकर
कर्नाटकाचा हिशेब गोव्याला लावू नका. २०११च्या जनगणनेत आपण साडेचौदा लाख, त्यात प्रेक्षक मराठी आणि कोंकणीत वाटलेला. वर्षाला सात-आठ चित्रपट करून एक मनासारखा काढायचा, असा धंदाच इथे नाही. बरेचदा रवींद्र भवन, म्हणजे सरकारी नाट्यगृह, आरक्षित करून, तिकिटं हातोहात खपवून खेळ लावावे लागतात. नटाची कमाई दिग्दर्शनात घालायला आधी कमाई हवी ना.
त्यामुळे आपल्या कामाचा शंकर नाग म्हणजे 'मालगुडी डेज' या दूरदर्शन मालिकेचा. ३९ भाग, बरंचसं चित्रण कर्नाटकातल्या आगुंबेत. एकच गाव, तीच घरं, तोच रस्ता पुन्हा पुन्हा वापरला. स्वामी झाला मास्टर मंजुनाथ, वडील गिरीश कर्नाड, चेहरे इतरांचे. आपल्या सावईवेरेसारख्या गावात हे आजही जमेल. उत्सवी नाटकांमुळे पाठांतर असलेले नट वाड्यावाड्यावर आहेत. फक्त आगुंबे पावसाचं गाव, आणि आपलंही तसंच. जून ते सप्टेंबर कौलांचा आणि पागोळ्यांचा आवाज संवादात घुसतो. बाहेरचे प्रसंग तरी नोव्हेंबरनंतर ठेवा.

कारवारी
एक जोड. १९७९ साली इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, त्याला पुरस्कार मिळाला तो नट म्हणून, पहिल्याच चित्रपटासाठी. महोत्सव तेव्हा दिल्लीला होता, गोव्यात आला २००४ला. दिग्दर्शनाकडे तो नंतर वळला. आपली मुलं पहिल्याच चित्रपटात दोन्ही करू बघतात, तेवढा फरक मांडवीकाठ यांनी वर लिहायला हवा होता.

मांडवीकाठ
ते माझ्याकडून राहिलं, खरंय. पण ऐंशीचा आकडा अजून मला जास्तच वाटतो. त्यातल्या वीस भूमिका नाकारल्या असत्या तरी स्टुडिओ झाला असता.

तिसरी घंटा
कुठल्या वीस, तेवढी यादी टाका. मग बोलू.