जुन्या फोनमधले आवाज : ऑनलाइन वर्गाचे तुमचे अनुभव सांगा

रानवाटा :
काल माळ्यावरचा खोका उतरवला तर त्यात 2020 मधला फोन सापडला. काचेला तडा गेलाय, पण चार्जिंगला लावला आणि चालू झाला. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चौथीचा ग्रुप तसाच होता. पहिलाच आवाज लावला : "बाई, मी पान बावीस वाचते..." मागे कोंबडा आरवतोय, आजी ओरडतेय "मोठ्यानं वाच की गं!" तासभर ऐकत बसले.

मी अकोले तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवते. त्या वर्षी पटावर 23 मुलं होती. स्मार्टफोन नऊ घरांत, त्यातले पाच दिवसभर वडिलांच्या खिशात, शेतावर नाहीतर कामावर. सुरुवातीला मीही सगळ्यांसारखं सकाळी अकराला मीटची लिंक टाकली. चार मुलं आली. मी चाळीस मिनिटं हातच्याची वजाबाकी शिकवली, शेवटी विचारलं "समजलं का?" चौघंही म्हणाली "हो बाई." दुसऱ्या दिवशी एकेकाला फोन करून तेच गणित घातलं. एकालाही आलं नाही.

मग लाइव्ह बंद केलं. फोन घरी परत येतो संध्याकाळी सातला, म्हणून शाळा सातला. रोज एकच काम : अर्धं पान वाचून आवाज पाठवा, किंवा एक गणित कसं सोडवलं ते तोंडी सांगा. उत्तर नको, कसं केलं ते. ज्या घरी फोन नाही ते मूल त्याच वस्तीतल्या फोनवाल्या मुलाच्या ओट्यावर बसायचं. मी प्रत्येक आवाज ऐकून त्या मुलाचं नाव घेऊन उत्तर द्यायचे. रात्रीचे साडेदहा व्हायचे. गुरुवारी तीन वाड्यांवर पायी जाऊन स्वाध्यायाचे कागद द्यायचे.

शिक्षण खात्याच्या "शाळा बंद, पण शिक्षण आहे" मधून रोज व्हिडिओ यायचे. 20 जुलैपासून सह्याद्रीवर 'टिलीमिली' सुरू झालं, टीव्ही असलेल्या घरांना त्याचा खरंच आधार झाला. पण टीव्ही मुलाला उलट विचारत नाही ना. मी काय पाठवलं हे मोजायचं सोडून मुलाकडून काय परत आलं ते बघायला लागले, तेव्हा कुठे शिकवणं सुरू झालं असं मला वाटतं.

एक मुलगा दोन वर्षं वर्गात बोलला नव्हता. त्याचा आवाज आहे : "एककाच्या घरात दोनच हाय, म्हणून शेजारच्या घरातनं दहाचा गठ्ठा सोडवून आनला." इतकं नेमकं मीही सांगितलं नव्हतं.

तुमचंही सांगा. शिक्षक असाल, पालक असाल, तेव्हाचे विद्यार्थी असाल.

मीठभाकर :
बाई, डोळ्यात पाणी आणलंत सकाळी सकाळी.
आमच्याकडे दापोलीला फोनचा प्रश्नच नव्हता कारण 3 जूनच्या निसर्ग वादळात खांब आडवे. आमच्या वाडीत लाइट यायला महिना गेला, रेंजचं तर विचारूच नका. सगळीकडे ऑनलाइन ऑनलाइन चालू आणि आम्ही कौलं शोधतोय. आमच्या सरांनी रेशन दुकानाच्या भिंतीवर काळा रंग मारून फळा केला. रांगेत उभं राहिलेली माणसंपण पाढे वाचायची. बाकी नंतर लिहिते, कुकर लागलाय.

गणित_काका :
पुण्यात अकरावी-बारावीला गणित शिकवतो. समोर 80 काळे चौकोन. सर्वांत जड गेली ती शांतता. प्रश्न विचारला की कुणी बोलत नाही, मग मीच घाईने उत्तर सांगून मोकळा.

बी.एड.ला वाचलेलं तेव्हा आठवलं. मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांत घड्याळ लावून पाहिलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादाच सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. ऑनलाइनला तीनही पुरत नाहीत. माईक उघडायचा, आवाज पोचायचा, धीर गोळा करायचा. मी मनात दहापर्यंत मोजायला लागलो.

दुसरं, चॅटमध्ये उत्तर मागितलं की पहिल्या हुशार मुलाचं बघून बाकीचे तेच टाकतात. म्हणून नियम केला : "उत्तर लिहा, पण पाठवू नका. मी 'सोडा' म्हटलं की सगळ्यांनी एकदम." 80 उत्तरं धडाधड येतात आणि कोण कुठे चुकतंय ते एका नजरेत कळतं. चुकीचं उत्तर कुणाचं ते न सांगता तेच सोडवायला घ्यायचं. वर्ग प्रत्यक्ष सुरू झाल्यावर हे मला फार आठवलं, कारण वर्गात हात वर करतात तेच पाच जण.

चुलीपुढे :
काका, लिहिलेलं कसं दाखवायचात? माझी बहीण फ्रिजचा काचेचा कप्पा काढून दोन डब्यांवर ठेवायची आणि वर फोन.

गणित_काका :
@चुलीपुढे तेच हो! दोन्हीकडे सारखे स्टीलचे डबे, वर कप्पा, फोनचा कॅमेरा खाली, काचेखाली वही. उजेड बाजूने घ्यायचा, वरून घेतला तर काच चमकते. आणि ओळी मोठ्या लिहायच्या, मुलं पाच इंची स्क्रीनवर बघतात. छापील पीपीटीपेक्षा हाताने पायरी पायरी लिहिलेलं मुलांना जास्त लागतं, ही माझी खात्री आहे.

चुलीपुढे :
आमच्याकडे तो कप्पा परत बसेना, वर्षभर भाज्या खालीच 😀

तिहाई :
तबला शिकवतो, सांगली. आमचं दुखणं निराळं. आवाज जायला-यायला थोडा वेळ लागतोच, त्यामुळे मी ठेका धरला आणि शिष्याने त्यावर कायदा (बोलांची ठरलेली रचना) वाजवला असं होतच नाही. मला तो मागे पडलाय असं वाटतं, त्याला मी. पहिला महिना मी विनाकारण पोरांना रागावलो, त्याचं अजून वाईट वाटतं.

शिवाय हे अ‍ॅप माणसाचं बोलणं तेवढं ठेवतात आणि बाकी सगळा गोंगाट समजून दाबतात. तानपुरा गायब! बायाची, म्हणजे डग्ग्याची आस (घुमणारा नाद) गायब, नुसतं टक टक. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करायचं हे एका शिष्येच्या भावाने दाखवलं, तेव्हा सहा महिन्यांनी पहिल्यांदा तिचा बाया ऐकला.

मग पद्धत बदलली. एकत्र वाजवणं सोडलं. मी एक आवर्तन वाजवायचं, थांबायचं, तिने वाजवायचं. आणि आठवड्याला घरी लेहऱ्यावर (सतत फिरणाऱ्या सुरावटीवर) वाजवलेलं रेकॉर्डिंग पाठवायचं. रेकॉर्डिंगमुळे एक झालं, पाठवण्याआधी मुलं स्वतःचं वाजवणं दहादा ऐकायला लागली. ते मी आजही सोडलेलं नाही, शिष्य समोर बसत असला तरी.

मीठभाकर :
आले परत. तिहाई दादा, माझ्या भाच्याला पेटी शिकायची आहे, ऑनलाइन कुणी चांगले आहेत का? खासगी निरोप पाठवा.

सत्तरीतला :
गोव्यातून. 2020 ला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. घरी रेंज शून्य. छत्री, पाण्याची बाटली आणि मीठ घेऊन टेकडीवर जायचो. मीठ जळवांसाठी. आम्ही सहा जण एका ताडपत्रीखाली.

एक सर तासाभराचा व्हिडिओ पाठवायचे. रोजचा डेटा दीड जीबी, तो उतरेपर्यंत अर्धा संपलेला, आणि पाऊस आला की डाउनलोड पुन्हा पहिल्यापासून. अकाउंट्सच्या मॅडमनी मात्र पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तुम्ही कुठे बसून ऐकता?" आम्ही फोटो पाठवला. त्या दिवसापासून त्या आठ मिनिटांचा ऑडिओ आणि हाताने लिहिलेल्या दोन पानांचा फोटो पाठवायच्या, शेवटी एक उदाहरण आमच्यासाठी अर्धवट सोडलेलं. ते सोडवून रविवारपर्यंत फोटो टाकायचा. चूक असेल तिथे लाल गोल करून परत यायचा. मी आज अकाउंट्समध्येच नोकरी करतो. त्यांनी तो एक प्रश्न विचारला म्हणून.

आभाळमाया :
सगळे "शाळा उघडल्या, सुटलो" म्हणतात तेव्हा मी गप्प बसते. आज लिहिते.

माझ्या मुलाला ऐकू कमी येतं. दोन्ही कानांना यंत्र, आणि समोरच्याच्या ओठांवरून बरंच समजून घेतो. वर्गात बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या की त्याचं वाक्य तुटायचं. ऑनलाइनमध्ये पहिल्यांदा प्रत्येक शिक्षकाचा चेहरा त्याच्या अगदी समोर, मोठा. फक्त एक अडचण होती, निम्मे शिक्षक खिडकीकडे पाठ करून बसायचे, चेहरा काळा. मी एकेकाला फोन करून विनंती केली : खिडकी समोर घ्या, हात तोंडापुढे आणू नका, एका वेळी एकानेच बोला. सगळ्यांनी ऐकलं. इंग्रजीच्या तासाला खाली अक्षरंही उमटायची, मराठीला तेव्हा ती सोय नव्हती. मराठीच्या बाईंनी मग महत्त्वाचे शब्द चॅटमध्ये टाकायला सुरुवात केली. त्याचा फायदा ऐकू येणाऱ्या मुलांनाही झाला, असं त्याच म्हणाल्या.

4 ऑक्टोबर 2021 ला शाळा उघडली. तो आठवीत होता. पहिल्या दिवशी घरी आला आणि दप्तर न काढता म्हणाला, "आई, सगळ्यांचे ओठ झाकलेत." मास्क हवेच होते, मला ते कळत होतं. पण ते वाक्य मी विसरत नाही.

रानवाटा :
@आभाळमाया ताई, हे लिहिलंत फार बरं केलंत. मी उद्यापासून फळ्याकडे तोंड करून बोलणार नाही. आता कसा आहे तो?

आभाळमाया :
मजेत. डिप्लोमा करतोय. मास्तरांना स्वतःच सांगतो हल्ली, "सर, इकडे बघून बोला."

बॅच_2021 :
आम्ही ती दहावी जिची परीक्षाच झाली नाही. नववीचे 50, दहावीच्या लेखी मूल्यमापनाचे 30, तोंडी-गृहपाठाचे 20 असं जोडून निकाल. 99.95 टक्के पास. लोक अजून म्हणतात, "तुम्ही काय, करोना बॅच." पण मी वर्षभर आईच्या फोनवर अभ्यास केला. आई धुण्याभांड्यांची कामं करायची, ती दुपारी दोनला घरी आली की माझी शाळा. लाइव्ह एकही तास मिळाला नाही. एका बाईंनी तास रेकॉर्ड करून ठेवले म्हणून शिकले. परीक्षा द्यायची होती मला. खरंच द्यायची होती.

गणित_काका :
बाळा, तुमच्या बॅचची मुलं अकरावीला माझ्याकडे आली. मेहनती होती. कुणाचं मनावर घेऊ नकोस.

मीठभाकर :
❤️

पासष्ट_एकर :
माझी कबुली. मुलगी पहिलीत. मी तिच्या शेजारी स्क्रीनच्या बाहेर बसून उत्तरं पुटपुटायचो. ती चुकू नये एवढंच डोक्यात. एक दिवस बाईंचा फोन. शांतपणे म्हणाल्या, "बाबा, ती चुकली की मला कळतं कुठून सुरू करायचं. तुम्ही सांगितलंत की मला काहीच कळत नाही." त्या दिवसापासून शेजारच्या खोलीत बसलो. बाईंचे आभार मानायचे राहून गेलेत, उद्या फोन करतो.

दूरदेशी :
कॅलिफोर्नियातून. दर रविवारी सकाळी नऊला आमची मराठी शाळा, सहा-सात वर्षांची मुलं. आठवडाभर स्क्रीनपुढे बसून आलेली. हलायला मिळत नाही आणि सतत स्वतःचा चेहरा समोर, यानेही थकवा येतो हे स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये मांडलं. आम्हाला मुलांच्या जांभयांवरून कळलं होतं. म्हणून खेळ : "पळा, 'ल'ची वस्तू आणा!" लाटणं, लिंबू, लसूण, एकाने तर लहान बहिणीला उचलून आणलं, "लहान बाळ!"

आणि नागपूरच्या आज्या! आमचे सकाळचे नऊ म्हणजे त्यांचे रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. जेवणं आटोपून त्या वर्गात यायच्या, एकेकीकडे तीन मुलं, वेगळ्या खोलीत गप्पा. मुलांचं बोलणं त्या गप्पांमुळे सुटलं, आमच्या तक्त्यांमुळे नाही. प्रत्यक्ष शाळा सुरू झाल्यावरही आज्यांचा तास ऑनलाइन ठेवलाय.

हिरडा :
रानवाटा ताई, अकोल्यात कुठे तुम्ही? माझं माहेर राजूर. काळभात तांदूळ मिळतो का हो अजून घरचा? इकडे ठाण्यात नुसतं नाव सांगून काहीही विकतात.

रानवाटा :
@हिरडा अगं मग शेजारचीच तू! मिळतो, पण लावणारे कमी झालेत. दिवाळीनंतर विचार, बघते.

कडेगावकर :
आमच्या शेजारच्या मोहित्यांचे वडगावात 2022 पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. करोनात हातात आलेला फोन मुलांच्या हातातून सुटेना म्हणून. आणि ताईंची शाळा बरोबर सातलाच भरायची. दोन्ही पटतं मला.

पासष्ट_एकर :
वेळ पालकांनी ठरवली की जमतं. आमच्या सोसायटीत सांगून बघितलं, चारच घरं तयार झाली. चार तर चार.

चुलीपुढे :
ताई, त्या वजाबाकीवाल्या मुलाचं काय झालं?

रानवाटा :
नववीत आहे. काल रात्री त्याच्या आईच्या नंबरवर त्याचाच तो जुना आवाज पाठवला. आत्ता उत्तर आलंय, आवाजातच. आवाज फुटलाय, ओळखूच आला नाही आधी. म्हणतो, "बाई, तो गठ्ठा मी अजून तसाच सोडवतो. बारक्या भावाला पण तसंच शिकवलंय."

तिहाई :
ताई, फोन जुना आहे, भरवसा नाही. आधी सगळे आवाज दुसरीकडे काढून ठेवा.

रानवाटा :
हो, तेच करत बसलेय. 212 आहेत. 40 झाले.