रातकिडा, झिंगूर, नाकतोडा: घरात किरकिरतो तो नेमका कोण?

एक शब्द विचारायचाय. आमचं घर परभणीजवळ, मागच्या भिंतीला लागूनच रान. सोयाबीन काढून झाल्यापासून रोज रात्री एक किडा घरात किरकिरायलाय, फ्रीजच्या मागं बसतोय, जवळ गेलं की गप अन् पाठ फिरवली की पुन्हा सुरू. सासूबाई त्याला रातकिडा म्हणतात, शेजारच्या खाला झिंगूर म्हणतात आणि पोरगं म्हणतंय हा नाकतोडा. तिन्ही एकच आहेत का? नेटवर ह्याचं इंग्रजी नाव क्रिकेट टाकलं की नुस्त्या मॅच येतात. औषध मारणाऱ्याला फोनवर नाव काय सांगू?

प्रतिसाद

ताई, रातकिडा आणि झिंगूर एकच, नाकतोडा वेगळा. झिंगूर हा हिंदी-दखनीतला शब्द, मराठवाड्यात दोन्ही भाषा एकाच गल्लीत नांदतात त्यामुळं दोन्ही नावं चालतात, तुमच्या खालांचं काहीच चुकलेलं नाही. नाकतोडा म्हणजे दिवसा गवतात उड्या मारतो तो, हिरवा नाहीतर मातकट, मिशा आखूड. रातकिड्याचं डोकं गोल, रंग काळा किंवा तपकिरी, अन् मिशा दोऱ्यासारख्या बारीक आणि अंगापेक्षा लांब. मिशा बघितल्या की बहुतेक वेळा ओळख पटते. टोळ हा नाकतोड्याचा भाऊबंद, झुंडीनं येऊन पिकं फस्त करणारा, त्याचा तुमच्या फ्रीजशी संबंध नाही.

आता क्रियापद. बेडूक डरांव डरांव करतो, पाल चुकचुकते, डास गुणगुणतो, तसा रातकिडा किरकिरतो. तुम्ही "किरकिरायलाय" लिहिलंत ते अगदी बरोबर, "आवाज करतो" असं मिळमिळीत कशाला म्हणायचं? गावाकडं "रातकिडे बोलायलेत", "वरडायलेत" असंही म्हणतात. पण बोलतो तो फक्त नर. एका पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला दातेरी शीर असते, ती दुसऱ्या पंखाच्या कडेवर घासली की किर्र निघतं. पाय घासतो असं जे सगळे सांगतात ते नाकतोड्याचं, त्याच्यातल्या बऱ्याच जाती पाय पंखावर घासतात. रातकिड्याच्या पुढच्या पायात, गुडघ्याच्या जरा खाली, त्याचे कान असतात.

आवाजावरून नाव पडणं जुनंच आहे, अमरकोश ह्या जुन्या संस्कृत शब्दकोशात रातकिड्याला झिल्लिका आणि चीरी म्हणलंय, म्हणजे संस्कृतात पण कानाला जे ऐकू आलं तेच नाव पडलं. आपल्या मराठीनं मात्र त्याच्या पुढं जाऊन एक लई सुंदर गोष्ट केलीय. किर्र हा मुळात आवाज, पण आपण किर्र अंधार म्हणतो, किर्र झाडी म्हणतो, म्हणजे जिथं दिसत काही नाही अन् फक्त रातकिडे ऐकू येतात त्या जागेलाच त्यांचा आवाज चिकटला. मला हा शब्द फार आवडतो. आणि लेकरू रडकं झालं की "काय किरकिर लावलीस" म्हणतो ती किरकिर पण ह्याच आवाजाची.

प्रतिसाद

दादा, एक विचारू का, आमच्याकडं उन्हाळ्याच्या शेवटी भर दुपारी झाडावर जो कर्कश आवाज चालतो त्याला पण लोक रातकिडाच म्हणतात. मग दिवसा कसा?

प्रतिसाद

तो सिकाडा नावाचा वेगळा किडा. पंख घासत नाही, पोटाच्या दोन्ही बाजूला ताणलेले पडदे असतात ते हलवून आवाज काढतो, झाडाचा रस पितो आणि घरात राहायला येत नाही. बोलताना रातकिडा म्हणलं तर म्हणू द्या, पण लिहिताना वेगळं ठेवलेलं बरं, कारण रातराणी, रातवा, रातपाळी ह्या सगळ्यांत "रात" आहे ती खरीखुरी रातच आहे.

अजून एक शब्द सुधारायला पाहिजे. मादीच्या मागं दोन बारीक काट्यांच्या मधोमध सुईसारखी लांब नळी असते, तिला बरेचजण नांगी म्हणतात आणि घाबरून चप्पल उचलतात. नांगी विंचवाला. ही अंडी घालायची नळी आहे, ती ओल्या मातीत खुपसून मादी अंडी घालते, तिनं डंख होत नाही.

प्रतिसाद

ताई, उपायाचं मी सांगते, आमचं जुनं माळवदाचं घर आहे त्यामुळं दरवर्षीचा पाहुणा. फवारा शेवटी, आधी दाराखालची फट बुजवा आणि मोरीजवळची ओल काढा, ह्याला ओल, अंधार आणि अडगळ आवडते. तुराट्या, कडबा, पोती भिंतीला टेकवून ठेवली असतील तर लांब सरकवा, सगळं तिथूनच येतं. अंगणातला पांढरा लख्ख दिवा रात्री बंद ठेवा, नाहीतर पिवळा लावा, पांढऱ्यावर जास्त येतात. आत आलेल्यासाठी खोलगट वाटीत गुळाचं पाणी भिंतीच्या कडेला ठेवा, वासानं येतो अन् पडतो. चिकट पॅड पण चालतो. घामाचे कपडे कोपऱ्यात टाकून ठेवू नका, ते कुरतडतो. मात्र पेटीतल्या साडीला बारीक भोकं पडली असतील तर आधी कसर लागलीय का बघा, उगं ह्याच्यावर आळ नको.

जवळ गेलं की गप होतो त्याचं कारण मागचे ते दोन काटे, त्यांना हवेची बारीक हालचाल पण कळते. म्हणून दिवा लावून शोधत फिरू नका, लांब उभं राहून आवाज कुठून येतोय ते ऐका, मग सावकाश जाऊन पालथा ग्लास ठेवा, खालून पुठ्ठा सरकवा आणि रानात सोडून या.

प्रतिसाद

ताईंनी सांगितलंय तेच करा. आणि थंडी वाढली की किरकिर आपोआप मंदावते, गारठ्यात त्याचं अंग सावकाश चालतं. अमेरिकेत डॉल्बेअर नावाच्या शास्त्रज्ञानं 1897 मध्ये रातकिड्याच्या किरकिरीवरून तापमान काढायचं सूत्रच मांडलं होतं.

फोनवर सरळ सांगा, "घरात रातकिडे झालेत, झुरळं नाहीत." नुस्तं "किडे झालेत" म्हणलं की झुरळाची जेल घेऊन येतात, ओट्याखाली ठिपके देऊन पैसे घेऊन जातात आणि रातकिडा तिकडं फ्रीजमागं किरकिरतच राहतो. समोरचा हिंदी बोलणारा असला तर झिंगूर म्हणा.