गच्चीच्या दुरुस्तीची तीन कोटेशनं, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. रास्त कोणतं?

ओलावा:
घर जुनं आहे. वर स्लॅबची सपाट गच्ची, साधारण ८६० चौरस फूट. वरच्या खोलीत एका कोपऱ्यात छताला ओल आलीय, रंगाचे पोपडे सुटलेत, दोन ठिकाणी प्लास्टर पडून आतली गंजकी सळई दिसते. तिघांना दाखवलं. पहिल्याचं कोटेशन एका ओळीचं: 'गच्ची वॉटरप्रूफिंग, माल-मजुरीसह, एकरकमी.' दुसऱ्याने चौरस फुटाचा दर लावून ॲक्रिलिक कोटिंगचे तीन हात लिहिलेत, पहिल्यापेक्षा थोडा महाग. तिसरा म्हणतो जुना कोबा (स्लॅबवरचा विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) फोडून सगळा नव्याने करायचा. त्याचा आकडा पहिल्याच्या जवळजवळ चौपट. घरच्यांचं म्हणणं, मधला घेऊन मोकळे व्हा. मला ते पटत नाही, पण का ते सांगताही येत नाही. दर रास्त आहे की नाही हे ओळखायचं कसं?

हातोडी-छिन्नी:
फोडून टाका आणि एकदाचा खर्च करा. वरून फासलेलं काही टिकत नाही.

मोजपट्टी:
फोडा म्हणायला काय जातं, राडारोडा आपल्याला थोडाच उतरवायचाय!

बांधकामाच्या बिलांची मोजमापं तपासणं हेच माझं काम, त्यामुळे आधी तेच बोलते. ही एका कामाची तीन कोटेशनं नव्हेत, तीन निराळी कामं आहेत. त्यांचे आकडे शेजारी मांडून काही कळणार नाही, आणि त्यातला 'मधला' याला तर काहीच अर्थ नाही.

एकरकमीवाल्याकडून कामाची यादी लिहून घ्या. भेगा भरणार का, भिंत आणि गच्ची मिळते तिथे वाटा (कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर भराव) करणार का, पाणी उतरायच्या पाइपाच्या तोंडाभोवतीची फट कशी बुजवणार, कोणता माल, किती जाडीचा. लिहून देत नसेल तर तो रास्त की महाग हा प्रश्नच उरत नाही. कशाचा दर तेच ठाऊक नाही.

दुसऱ्याचा हिशेब मात्र घरी बसून तपासता येतो. एका चौरस मीटरवर एक लिटर कोटिंग पसरलं की ओला थर एक मिलिमीटरचा होतो. डब्यात निम्मा भाग पाणी असेल, तर वाळल्यावर अर्धाच उरतो. घन भाग आकारमानाने किती टक्के, ते कंपनीच्या माहितीपत्रकात असतं. समजा ५० टक्के. तुमचे ८६० चौरस फूट म्हणजे ८० चौरस मीटर. वाळून एक मिलिमीटर थर हवा असेल तर १६० लिटर लागेल, म्हणजे २० लिटरच्या ८ बादल्या, प्रायमर वेगळा. हात तीन मारले की पाच याला महत्त्व नाही, पाणी घालून कितीही हात मारता येतात. बादल्या विचारा.

मापही स्वतः टेपने घ्या. कोटिंग कठड्यावर फूटभर चढवायचं असतं, आणि ते मापात धरलं की नाही यावरून दर स्वस्त-महाग भासतो. तुमची गच्ची २० बाय ४३ असेल, तर कठड्याची धावती लांबी १२६ फूट, म्हणजे तेवढेच चौरस फूट वाढले. एकाने ८६० धरले, दुसऱ्याने ९८६, तर त्यांचे दर सरळ ताडून पाहता येत नाहीत.

तिसऱ्याचा आकडा मोठा आहे, पण उगाच नाही. कोबा सरासरी चार इंच धरला तर ८० चौरस मीटरला ८ घनमीटर, वजन १५ टनांच्या आसपास. ते फोडायचं, खाली आणायचं, वाहून न्यायचं, मग तितकंच नवं वर चढवायचं. खर्च कळतो. गरज आहे का, हे कळत नाही. त्याने हातोडीने ठिकठिकाणी ठोकून पाहिलं का? कोबा सुटलेला असेल तिथे बद्द आवाज येतो. एका कोपऱ्यातली ओल पाहून सगळी गच्ची फोडायला सांगत असेल, तर बद्द जागा खडूने आखून दाखवायला सांगा. आणि जुना न काढता त्यावरच नवा कोबा घालतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा; तेवढं वजन स्लॅबवर कायमचं बसतं.

आता खरी गोष्ट. पाणी कुठून येतं हे तिघांपैकी कोणी सांगितलं? पाऊस नसतानाही ओल वाढते का?

ओलावा:
ताई, दुसऱ्याला विचारलं. 'तीन बादल्यांत होऊन जाईल' म्हणाला. पाऊस नसतानाही ओल असतेच. आणि लिहायचं राहिलं, त्या कोपऱ्याच्या वर पाण्याची टाकी आहे.

मोजपट्टी:
तीन बादल्या म्हणजे ६० लिटर. वाळून जेमतेम ०.३७ मिलिमीटर. तो दर स्वस्त नाही, रंगकामाचा आहे.

आणि टाकी! आधी टाकी रिकामी करून तिचा पाइप बंद ठेवा. ओल वाळायला आठवडे जातात, घाई नको. खडूने ओलीची कड आखून ठेवा म्हणजे आत सरकते का दिसेल. थांबली तर गळती पाइपाच्या सांध्याची किंवा टाकीच्या बुडाची. वाढतच राहिली तर गच्चीचे भाग पाडून एकेका भागात पाणी साठवून पाहा. स्लॅबमध्ये पाणी आडवं फिरतं, त्यामुळे टपकतं त्याच्या नेमकं वरच भोक असेल असं धरू नका.

गंजकी सळई तिघांच्याही कोटेशनात नाही, बरोबर? गंजाचं आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त, तोच काँक्रीट फोडतो. वरून कितीही चांगलं केलं तरी खालचं काम राहतंच: सैल काँक्रीट काढणं, सळई घासून गंजरोधक लावणं, पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-वाळूच्या मालाने) भरणं. खराब झालेला पट्टा मोठा असेल किंवा सळई झिजून बारीक झाली असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, ठेकेदाराला नंतर.

हातोडी-छिन्नी:
टाकीचं आधी सांगायचं ना राव. माझं 'फोडून टाका' मागे. हमीचं तेवढं बघा, दहा वर्षं तोंडी सांगतात. कंपनीच्या हमीत बहुधा फक्त माल बदलून मिळतो, मजुरी आपलीच.

ओलावा:
टाकी आज रिकामी केली, खडूची रेघ मारली. एकरकमीवाल्याला यादी मागितली तर म्हणाला, 'साहेब, विश्वास ठेवा.'

मोजपट्टी:
त्याला पुन्हा फोन करू नका. बाकी दोघांना रेघेचं कळल्यावरच बोलवा, आणि एकाच यादीवर दर भरायला सांगा: टाकीचा सांधा, सळईची दुरुस्ती, वाटा, कोटिंग जाडीसह, शेवटी ४८ तास पाणी भरून चाचणी. शेवटचा हप्ता चाचणीनंतरच.