जिओइन्फॉर्मॅटिक्सला अजून हाताने कॉन्टूर (समान उंचीच्या रेषा) कशाला काढायचे?

रानवाट
जिओइन्फॉर्मॅटिक्सच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे आणि जागांची माहिती हाताळायच्या, एमएस्सीचं पहिलं वर्ष संपलं, तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय म्हणून लिहितेय. अख्खं पहिलं सेमिस्टर ट्रेसिंग पेपरवर टोपोशीट (उंचसखलपणा दाखवणारे सरकारी नकाशे) उतरवण्यात गेलं, आधी पेन्सिल मग शाई, जर्नलवर सही मिळेपर्यंत एक पान तीनदा काढलं, आणि क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरला किती वेळ, तर शेवटचे तीन आठवडे. वर्गात सगळ्यांना शंकू प्रक्षेपणाची (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची एक पद्धत) जाळी काढता येते, पण जिल्हावार नकाशा करायला दिला तर निम्म्यांनी सरळ लोकसंख्येचा आकडा घेऊन रंग भरले. गडचिरोली १४,४१२ चौ. किमी., २०११ च्या जनगणनेत माणसं १०.७३ लाख. मुंबई शहरात ३०.८५ लाख, पण नकाशावर एवढासा ठिपका. क्षेत्रघनी नकाशाला, म्हणजे आकड्यानुसार प्रत्येक भागात फिका-गडद रंग भरतात त्याला, घनता किंवा टक्केवारी लागते, नाहीतर डोळ्याला फक्त जिल्ह्याचा आकार दिसतो. क्षेत्रघनी पद्धत आपण शाळेत शिकतो आणि एमएस्सीला विसरतो! माझं म्हणणं, हाताचं काम बंद करा आणि तो वेळ वर्गांतर (आकड्यांचे गट कुठे पाडायचे) कसं ठरवायचं, रंग कसे निवडायचे याला द्या.

कातळमाथा
बंद करायला माझा ठाम विरोध. मी पाणलोटाच्या कामात बारा वर्षं आहे. दरीत कॉन्टूरचं टोक कायम उगमाकडे वळतं, सोंडेवर (डोंगराच्या पुढे आलेल्या धारेवर) उताराकडे. ज्याने हाताने एकदा तरी काढलंय त्याच्या हे बोटात बसलेलं असतं. मागच्या वर्षी एका नवीन मुलाने डिजिटाइज केलेला नकाशा दिला, दिसायला एकदम सुंदर, फक्त उंचीचे आकडे उलटे पडलेले, म्हणजे नाल्याच्या जागी सोंड. बंधाऱ्याची जागा त्यावरून ठरणार होती. सॉफ्टवेअरने चूक दाखवली नाही, कारण त्याच्या लेखी ती चूकच नव्हती.

रानवाट
@कातळमाथा हे पटलं, खरंच. पण ते समजायला दोन शीट पुरेत ना सर, चौदा कशाला? आणि तुम्ही सांगताय ते नकाशा वाचणं झालं, मी नकाशा दुसऱ्याला समजेल असा करण्याबद्दल बोलतेय. तोच डेटा समान अंतराने पाच गटांत टाका आणि मग प्रत्येक गटात सारख्याच संख्येने जिल्हे येतील असा टाका, दोन वेगळेच महाराष्ट्र दिसतात. यातला कुठला का निवडला हे आम्हाला तोंडी परीक्षेत कोणी विचारलंच नाही, रेषेची जाडी मात्र विचारली. म्युनिक, व्हिएन्ना, ड्रेस्डेन आणि ट्वेंटे या विद्यापीठांनी मिळून नुसत्या कार्टोग्राफीचा (नकाशाशास्त्राचा) मास्टर्स चालवलाय, आमच्याकडे तो एक पेपर.

शेपफाइलवाली
प्रक्षेपणाची जाळी वाया गेली असं समजू नकोस गं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी बफर (एखाद्या जागेभोवती ठरावीक अंतराचा पट्टा) ५ टाकला, मनात किलोमीटर, आणि लेयर (नकाशातला माहितीचा थर) होता अक्षांश-रेखांशात, म्हणजे माप अंशांत. ५ अंश म्हणजे साधारण साडेपाचशे किलोमीटर, पुण्याभोवतीच्या गोलात हैदराबादसुद्धा आलं. तेव्हा कॉलेजातली ती जाळी आठवली आणि पहिल्यांदा कळलं की ती कशासाठी होती. आपल्या राज्यातूनच ७८ रेखांश जातो, पश्चिमेला यूटीएम (मीटरमध्ये मोजायची प्रक्षेपण पद्धत) झोन ४३, पूर्वेला ४४, त्यामुळे विदर्भाचं काम करताना हे रोज लागतं. चूक इतकीच की शिकवताना हे कुणी जोडून दाखवत नाही.

माळरान
सगळे लॅब आहे असं धरून बोलताय. मी शिकवतो त्या तालुक्याच्या कॉलेजात चाळीस मुलं, चालू कॉम्प्युटर सहा आणि दुपारी लाईट जाते. आमच्याकडे ट्रेसिंग टेबल हीच लॅब, ते काढलं तर मुलांच्या हातात काहीच उरत नाही. क्यूजीआयएस फुकट आहे हे मान्य, लॅपटॉप फुकट नाही. पण रानवाटचा रंगांचा आणि गटांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि त्याला कॉम्प्युटर लागतच नाही, ग्राफ पेपर आणि रंगीत पेन्सिलीवर होतं. जूनपासून करतोय, एकाच तालुक्याची आकडेवारी, प्रत्येकाने वेगळे गट पाडायचे आणि नकाशे भिंतीवर शेजारी शेजारी लावायचे.

कातळमाथा
@माळरान हे मलाही चालेल. @रानवाट दोन शीटवर मी तयार आहे, पण एक घाटमाथ्याची हवी, जिथे दर २० मीटर उंचीला काढलेल्या कॉन्टूर रेषा एकमेकींना चिकटतात आणि मोजताना डोळे दुखतात. सपाट देशावरच्या दोन घेऊन सुटायचं नाही.