जि.प. शाळेचं स्नेहसंमेलन आणि लोकवर्गणी: पैसे कुणाच्या नावावर, कंपनीकडे काय मागायचं, कार्यक्रम कसा बसवायचा?

प्रश्न: शाळा समिती अध्यक्ष

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, पट १४०, शिक्षक पाच. शाळा व्यवस्थापन समिती नुकतीच नव्याने निवडली गेली आहे. स्नेहसंमेलन जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात घ्यायचं ठरतंय. माजी विद्यार्थ्यांचा गट वर्गणी गोळा करायला तयार आहे. ग्रामपंचायत मंडप देते म्हणते. जवळच्या एमआयडीसीतली एक कंपनी सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) मदत करायला राजी आहे, पण "काय हवं ते लेखी द्या" असा निरोप आहे. समितीत दोन मतं आहेत. काहींचं म्हणणं, प्रत्येक मुलामागे पालकांकडून २०० रुपये घ्या, म्हणजे विषय संपला. काहींचं म्हणणं, पालकांना अजिबात मागू नका. पैसे कुणाच्या नावावर घ्यायचे, पावती कुणाची द्यायची, कंपनीकडे नेमकं काय मागायचं आणि एका संध्याकाळी एवढी मुलं मंचावर कशी आणायची, हे जाणकारांनी सांगावं.

उत्तर: माजी केंद्रप्रमुख

आधी २०० रुपयांचा विषय. ते करूच नका. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १३ मध्ये कॅपिटेशन फीला बंदी आहे, आणि तिच्या व्याख्येत शाळेने जाहीर केलेल्या फीखेरीज कुठलीही देणगी, वर्गणी किंवा रक्कम येते. आपल्या शाळेत जाहीर फी मुळात शून्य. शिवाय यादी करून वसुली सुरू झाली की पुढचं ठरलेलं असतं: परिपाठाला "कुणाचे पैसे राहिले" म्हणून नावं वाचली जातात. ते कलम १७ मधल्या मानसिक छळात मोडू शकतं. ज्याच्या घरी पैसे नाहीत तो पोरगा नाचातून नाव काढून घेतो आणि त्या आठवड्यात शाळेला दांडी मारतो. ज्याच्यासाठी संमेलन, तोच बाहेर राहतो. ऐच्छिक पेटी ठेवा, नावाची यादी नको, आकडा ठरवलेला नको.

आता पैशांचा मार्ग. सगळी रोख रक्कम समितीच्या बँक खात्यातच जमा झाली पाहिजे, म्हणजे मुख्याध्यापक आणि अध्यक्ष यांच्या संयुक्त सहीचं खातं. आधी सभा घ्या. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात; सभेला त्या खरोखर हजर असाव्यात, घरी रजिस्टर पाठवून सह्या आणू नयेत. ठरावात चार गोष्टी स्पष्ट लिहा: वर्गणी कशासाठी, अंदाजे खर्च किती, खरेदी समितीत कोण, शिल्लक राहिली तर कशावर खर्च होणार. सूचक, अनुमोदक, इतिवृत्त त्याच दिवशी पूर्ण. शिलकीचा मुद्दा बहुतेक ठरावांत नसतो आणि भांडणं नेमकी त्यावरूनच होतात.

पावती पुस्तक छापील, अनुक्रमांकाचं, कार्बन प्रतीसह. एका वेळी एकच पुस्तक वापरात ठेवा. तीन जणांकडे तीन पुस्तकं गेली की एखादं अर्धवट पुस्तक परत येत नाही, आणि मग हिशेब कधीच जुळत नाही. जमा रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत. जमेतूनच परस्पर खर्च करू नका. आधी भरणा, मग धनादेशाने खर्च. कीर्द, म्हणजे जमा-खर्चाची वही, रोजच्या रोज लिहा. मोठ्या खरेदीला तीन दरपत्रकं घ्या. वस्तूरूपात जे येईल, मग ती खुर्ची असो वा स्मार्ट टीव्ही, त्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत) देणगीदाराचं नाव, तारीख आणि अंदाजे किंमत लिहून करा. नोंद नसलेली वस्तू मुख्याध्यापक बदलून गेले की कुणाचीच राहत नाही.

उत्तर: सीएसआरचं काम पाहणारा

कंपनीने लेखी मागितलं हे चांगलं लक्षण समजा. पण संमेलनासाठी मागू नका. एका दिवसाच्या कार्यक्रमाचं प्रायोजकत्व सीएसआर खर्चात धरणं कंपनीला अडचणीचं जातं. मागायचं ते वर्षानुवर्षं टिकणारं काम.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के खर्च करावा लागतो आणि कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यायचं असतं. म्हणजे तुमची बाजू मुळातच भक्कम आहे. अडतं ते वेळेवर. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. जानेवारीत पत्र दिलं तर बहुतेकदा "बजेट ठरून गेलंय" असं उत्तर येतं. पत्र आताच द्या, पण त्यात पुढच्या वर्षाच्या कामांचाही उल्लेख ठेवा.

पत्र दोन पानांचं पुरे. यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), इयत्तावार पट, मुलींची संख्या, खोल्यांची स्थिती, आणि शाळा विकास आराखड्यातली तीनच कामं, प्राधान्यक्रमाने. सोबत समितीचा ठराव आणि प्रत्येक कामाचे दोन फोटो. पंधरा कामांची यादी दिली की कंपनी त्यातलं स्वतःला सोयीचं उचलते, आणि बहुधा ते शाळेला सगळ्यात कमी गरजेचं असतं. हस्तांतर करताना वस्तू शाळेच्या ताब्यात दिल्याचं पत्र दोन्ही बाजूंच्या सह्यांनी घ्या. एखादी संस्था मध्ये असेल तर तिचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक (सीएसआरचं काम घेण्यासाठी सरकारकडे केलेली नोंदणी) विचारा. २०२१ पासून तो लागतो.

आता काय मागू नये ते सांगतो, कारण फसगत तिथेच होते. पाण्याचं आरओ यंत्र (क्षार काढून पाणी शुद्ध करणारं) हे सगळ्यात लोकप्रिय दान, आणि बंद पडलेलंही सगळ्यात जास्त तेच दिसतं. आधी पाण्याची तपासणी करून घ्या. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. तुमचं पाणी त्याच्या आत असेल आणि इतर घटकही मर्यादेत असतील तर आरओची गरजच नाही, गाळणी आणि यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारं यंत्र) पुरतं. आरओ बरंचसं पाणी वाया घालवतं, आतला गाळण-पडदा (मेम्ब्रेन) बदलावा लागतो, आणि तो खर्च शाळेच्या कुठल्याच शीर्षात बसत नाही. यंत्र घ्यायचंच झालं तर तीन वर्षांचा देखभाल करार देणगीदाराच्याच नावावर लिहून घ्या. टीव्ही आणि संगणकाचंही तेच: वीजबिल कोण भरणार हे आधी ठरवा.

बोलक्या भिंती, म्हणजे अक्षरं-चित्रं काढलेल्या भिंती, हव्यात म्हणून सगळेच रंग मागतात. पावसाळा संपल्या संपल्या रंगवू नका. भिंतीत ओल असताना तेलरंग मारला की वर्षाच्या आत पोपडे निघतात आणि क, ख, ग जमिनीवर पडतात. गळती आधी काढा, भिंत पूर्ण सुकू द्या, जुना पोपडा खरवडून प्राइमर मारा, मग रंग. खालचे चार फूट धुता येईल असा तेलरंग, वर साधा इमल्शन. चित्रं मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर असू द्यात. पहिलीच्या वर्गात सहा फुटांवर काढलेली बाराखडी फोटोत छान दिसते, मुलांना वाचता येत नाही.

आणखी एक रस्ता: केंद्र सरकारचं विद्यांजली पोर्टल. शाळेने यू-डायस क्रमांकावर नोंदणी करून गरज टाकायची. कुणी साहित्य देतं, कुणी शिकवायला वेळ देतं. पैसे त्यावर मागायचे नसतात.

उत्तर: मंडप-लाईटवाला

विजेचं कुणी विचारत नाही आणि कार्यक्रम तिथेच थांबतो. शाळेचं कनेक्शन साधारण सिंगल फेजचं, एक-दोन किलोवॅट मंजूर भाराचं असतं. ५०० वॅटचे चार हॅलोजन लावले की तिथेच दोन किलोवॅट झाले, म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर. वर साऊंड आला की एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारी कळ) पडते. हॅलोजन सोडा, १०० वॅटचे एलईडी फ्लडलाईट लावा. चार लावून भार ४०० वॅट आणि मुलांना उष्णताही लागत नाही. साऊंडसाठी ५ केव्हीएचा जनरेटर भाड्याने घ्या, त्यावर साधारण ४ किलोवॅट भार चालतो. तो मंचापासून लांब, वारा ज्या बाजूला वाहून जातो त्या बाजूला, म्हणजे धूर प्रेक्षकांत येणार नाही. खांबावर आकडा टाकू देऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. तो वीज कायद्याच्या कलम १३५ खाली चोरीचा गुन्हा आहे, आणि मंचाखाली अनवाणी मुलं असतात. मंचाच्या लाईनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारं उपकरण) हवाच. वायरचे जोड जमिनीवर पडलेले चालणार नाहीत.

मंच किमान २४ बाय १६ फूट, उंची अडीच ते तीन फूट. मागून चढायला आणि उतरायला दोन वेगळे जिने. एकच जिना असला तर उतरणारा गट आणि चढणारा गट एकमेकांत अडकतात, आणि प्रत्येक वेळी तीन मिनिटं जातात. स्पीकर माईकच्या पुढे ठेवा, मागे नाही, म्हणजे शिट्टी येत नाही. गाणी एकाच पेन ड्राइव्हवर, क्रमाने नंबर देऊन, आणि दुसरा पेन ड्राइव्ह निवेदकाच्या खिशात. मोबाइलवरून वाजवलं की मध्येच फोन येतो.

लाऊडस्पीकरसाठी पोलीस ठाण्याची लेखी परवानगी आठवडाभर आधी काढा. रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, त्यामुळे ९ लाच संपवायचं धरून चला.

उत्तर: प्राथमिक शिक्षिका

सीएसआरवाल्या सरांनी संमेलनासाठी मागू नका म्हटलं, त्यावरून असं वाटू नये की संमेलनावर खर्च म्हणजे उधळपट्टी. बऱ्याच मुलांना वर्षातून एकदाच मंच मिळतो. वेशभूषेवर थोडा खर्च जरूर करा, फक्त भाड्याच्या झगमगाटाऐवजी रंगीत ओढण्या, कागदी मुकुट, घोंगडी, फेटे अशा वस्तू शाळेच्या पेटीत जमवा. पुढच्या वर्षी त्याच चालतात.

वेळेचं गणित असं. १४० मुलं, गटात ७ ते ८, म्हणजे १८ ते २० कार्यक्रम. प्रत्येकी चार मिनिटं आणि अदलाबदलीला दीड-दोन मिनिटं धरली तर दोन तास होतात. साडेपाचला सुरू केलं तर साडेसातला कार्यक्रम संपायला हवा. तो लांबतो सत्कारांमुळे. पंधरा जणांना शाल-श्रीफळ, प्रत्येकाचा दीड मिनिटांचा परिचय, वर फोटो: अर्धा तास गेला, आणि तोवर पहिलीची मुलं मेकअप पुसून आईच्या मांडीवर झोपलेली. देणगीदारांची नावं प्रवेशद्वाराच्या फलकावर लिहा, मंचावर सर्वांचा एकत्र एकच सत्कार, आणि तो सहाव्या-सातव्या कार्यक्रमानंतर, कधीही सुरुवातीला नाही. पहिली-दुसरीचे कार्यक्रम सुरुवातीला घ्या. जानेवारीत आठनंतर थंडी पडते.

प्रत्येक मुलाला किमान एकदा मंच मिळालाच पाहिजे, यादी हजेरीपटावरून तपासा. जे मूल नाचायला तयार नाही त्याला निवेदन, पडदा, फलक, ढोलकी यातलं काही द्या. कार्यक्रम संपल्यावर मूल कुणाच्या ताब्यात दिलं त्याची वर्गशिक्षकाने सही घ्यायची. लांबच्या वस्तीवरची मुलं अंधारात एकटी सुटता कामा नयेत.

गाण्यांच्या हक्काबद्दल कुणी घाबरवलं तर: शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी केलेल्या सादरीकरणाला, प्रेक्षक शाळेचे आणि पालक असतील तोवर, कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. तिकीट लावून गावाला खुला खेळ केला की ती सवलत गृहीत धरू नका.

जेवणाचं म्हणाल तर संध्याकाळी गावजेवण घालू नका. त्याऐवजी त्याच दिवशी दुपारी देणगीदाराकडून स्नेहभोजन ठेवा. पोषण आहार योजनेत लोकसहभागाची ती मान्य पद्धत आहे, रोजच्या आहाराला पूरक म्हणून. प्रमाण माहीत असू द्या: पाचवीपर्यंत मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, सहावी-सातवीला १५० ग्रॅम. तुमच्याकडे समजा शंभर लहान आणि चाळीस मोठी, तर १६ किलो. सोबत मटकीची उसळ, काकडी आणि शिरा. बासुंदी, खव्याचे पदार्थ, बाहेरून आणलेली क्रीमची मिठाई नको. तासन्‌तास उघड्यावर राहिली की बाधते. स्वयंपाक शाळेच्या स्वयंपाकघरात, शाळेच्या ताईंकडूनच, आणि वाढण्याच्या अर्धा तास आधी शिक्षक व एका पालकाने चव घेऊन नोंद करायची. लग्नातलं उरलेलं अन्न कुणी "मुलांना द्या" म्हणून आणलं तर नम्रपणे परत पाठवा.

शाळा समिती अध्यक्ष

सर्वांचे आभार. २०० रुपयांचा विषय येत्या सभेत बंद करतो. एक शंका राहते: माजी विद्यार्थी पुण्या-मुंबईला आहेत. गटातल्या एकाच्या मोबाइल नंबरवर यूपीआयने पैसे गोळा करायचं म्हणतायत. चालेल का?

उत्तर: माजी केंद्रप्रमुख

नको. त्याच्या खात्यात त्याचा पगार, घरभाडं आणि शाळेची वर्गणी एकत्र होते. माणूस कितीही सचोटीचा असला तरी सहा महिन्यांनी त्याला स्वतःला हिशेब सांगता येत नाही, आणि नाहक बदनाम तोच होतो. दोन सरळ मार्ग आहेत. समितीच्या खात्याचा क्रमांक आणि आयएफएससी कोड मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याच्या पत्रावर गटात टाका. प्रत्येकाने थेट भरावं, व्यवहार क्रमांक कळवावा, पावती फोटोने पाठवा. किंवा गटाने रोख न देता वस्तूच घ्यावी, बिल शाळेच्या नावावर. पन्नास खुर्च्या असं ठरलं की कुणी चार देतो, कुणी दहा.

आणि संमेलनाच्या दिवशी प्रवेशद्वारावर दोन फलक लावा. एकावर आतापर्यंतची जमा, खर्च आणि शिल्लक, दुसऱ्यावर आलेल्या वस्तू. मंडप-साऊंडची बिलं तेव्हा आलेली नसतात, म्हणून अंतिम हिशेब त्यानंतरच्या पहिल्या पालकसभेत वाचायचा आणि व्हाउचरची फाईल टेबलावर उघडी ठेवायची. ग्रामपंचायतीचा मंडप फुकट असला तरी त्याची अंदाजे किंमत वस्तूंच्या फलकावर लिहा; पुढच्या वर्षी सरपंच बदलले तर अंदाजपत्रकात तो आकडा लागणार आहे.